दीर्घिकांचा भोवताल : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले पर्जन्यछायेचे तालुके. आहुपे-भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर येईतो विरळ होऊन जातो. चासकमानचे पाणी शिरूरच्या आणि खडकवासल्याचे पाणी दौंडच्या ज्या शिवारांत पोचते तिथे ऊस उभा राहतो. शेजारच्या जिरायत रानातली बाजरी मात्र आभाळाकडे डोळे लावून असते. पीक जोमदार आले किंवा करपले, की शेतकरी पहिला प्रश्न हाच करतो : हा गुण बियाण्याचा, की जमीन-पाण्याचा? खगोलशास्त्रज्ञ दीर्घिकांविषयी जवळजवळ हाच प्रश्न गेली कित्येक दशके विचारत आले आहेत. एखादी दीर्घिका आज जशी दिसते, ती जन्मापासून लाभलेल्या वस्तुमानामुळे तशी झाली, की ज्या परिसरात ती वाढली त्याने तिला तसे घडवले? या प्रश्नाभोवती एक मोठे अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

ती लिहिताना शिरूर-दौंड परिसरातले पदवीचे विद्यार्थी, शाळा-महाविद्यालयांतले विज्ञानशिक्षक आणि आकाशाची आवड जपणारे वाचक डोळ्यांसमोर आहेत. याला कारण आहे. या क्षेत्रातली काही महत्त्वाची निरीक्षणे आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने झाली आहेत. जुन्नरकडून येणारी कुकडी पुढे घोडला मिळते, घोड शिरूरला स्पर्श करून भीमेत मिसळते आणि भीमा दौंडच्या काठाने पुढे जाते. म्हणजे ज्या खोऱ्यात आपण राहतो, त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांतला वायू मोजला जातो. हा विषय दूरदेशीच्या लोकांचा आहे, असे समजून त्यापासून अंतर राखण्याचे इथल्या वाचकाला काही कारण नाही.

आधी थोडी पायाभूत ओळख. दीर्घिका म्हणजे तारे, वायू, धूळ आणि न दिसणारे कृष्णद्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला प्रचंड समुदाय. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. तिच्यात शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. दिसण्यावरून मोठ्या दीर्घिकांचे तीन मुख्य प्रकार करता येतात. सर्पिल दीर्घिकांना चपटी तबकडी आणि तिच्यातले वळणदार फाटे असतात. लंबवर्तुळाकार दीर्घिका गोलसर असतात आणि त्यांच्यात तबकडी ठळक नसते. भिंगाकृती दीर्घिका या दोहोंच्या मधल्या : तबकडी आहे, पण फाटे नाहीत. या बाह्यरूपामागची खरी गोष्ट थंड वायूची आहे. तारे थंड वायूतून जन्मतात. वायूचा साठा आहे तोवर नवे तारे जन्मत राहतात, आणि त्यांतले सर्वांत तेजस्वी तारे निळे असतात. हे निळे तारे अल्पायुषी असल्याने वायू संपला, की काही काळातच ते मावळतात आणि मागे उरलेल्या जुन्या ताऱ्यांमुळे दीर्घिका तांबूस दिसू लागते. म्हणून आकार, रंग आणि वायूचा साठा या तीन गोष्टी मोजल्या, की दीर्घिकेच्या प्रकृतीचा बराच अंदाज येतो.

आता परिसर. विश्वात दीर्घिका सारख्या पसरलेल्या नाहीत. आकाशगंगा, देवयानी दीर्घिका आणि त्यांच्या भोवतीच्या अनेक लहान दीर्घिका मिळून आपला स्थानिक समूह होतो. ही मध्यम वस्ती म्हणता येईल. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर कन्या राशीच्या दिशेला हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक गुच्छ आहे. कोमा नावाचा गुच्छ त्याहून भरगच्च आणि त्याहून कितीतरी दूर आहे. याउलट काही प्रदेश जवळजवळ ओसाड आहेत. भूतप तारकासमूहाच्या दिशेची प्रचंड पोकळी १९८१ मध्ये लक्षात आली. तिच्यात दीर्घिका अगदी तुरळक आहेत. गुच्छ, त्यांना जोडणारे लांबलचक तंतू आणि मधल्या पोकळ्या असे विश्वाचे मोठे जाळे आहे. या जाळ्यातला एक भव्य भाग पुण्याच्या संशोधकांनी शोधून काढला. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातले जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर एक महागुच्छ असल्याचे जाहीर केले. त्याचा पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे. त्याचे नाव त्यांनी ‘सरस्वती’ ठेवले.

वस्ती आणि प्रकृती यांचा संबंध आहे, ही शंका जुनी आहे. एडविन हबल आणि मिल्टन ह्यूमसन यांनी १९३१ च्या सुमारासच नोंदवले होते, की गुच्छांमध्ये लंबवर्तुळाकार आणि भिंगाकृती दीर्घिकांचा भरणा अधिक असतो. या निरीक्षणाला मोजमापाची भक्कम बैठक मिळाली ती १९८० मध्ये. ॲलन ड्रेसलर यांनी ५५ गुच्छांतल्या सुमारे ६,००० दीर्घिकांचे वर्गीकरण केले आणि प्रत्येकीच्या आसपास किती गर्दी आहे हे मोजले. विरळ प्रदेशात दहापैकी सुमारे आठ दीर्घिका सर्पिल निघतात. गुच्छाच्या अतिदाट गाभ्यात दहात एखादीच. गर्दी वाढत जाते तसे हे प्रमाण पायरीपायरीने बदलत जाते. हा संबंध या क्षेत्राचा पाया मानला जातो.

त्याच सुमारास दुसरा धागा हाती आला. हार्वी बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी १९७८ आणि १९८४ च्या निबंधांत दाखवले, की दूरच्या गुच्छांमध्ये निळ्या दीर्घिकांचे प्रमाण जवळच्या गुच्छांपेक्षा जास्त आहे. दूरचा प्रकाश म्हणजे जुना प्रकाश. याचा अर्थ, काही अब्ज वर्षांपूर्वी गुच्छांत तारे घडवणाऱ्या दीर्घिका पुष्कळ होत्या आणि मधल्या काळात त्यांचे काम थांबले. ड्रेसलर यांनी स्थळानुसार पडणारा फरक दाखवला होता. बुचर आणि ओमलर यांनी काळानुसार पडणारा फरक दाखवला. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले, की गुच्छात आलेल्या सर्पिल दीर्घिकांना तिथे काहीतरी होते, असा सरळ संशय येतो. काय होते, हा पुढचा प्रश्न.

त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये दिले. गुच्छातल्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. ती कित्येक कोटी अंश तापलेल्या वायूने भरलेली असते. हा वायू इतका विरळ असतो, की एका घनमीटरमध्ये जेमतेम हजारभर कण सापडावेत. पण गुच्छाचा विस्तार एवढा अफाट, की त्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानापेक्षा या वायूचे वस्तुमान कित्येक पट भरते. दीर्घिका गुच्छात शिरते तेव्हा तिचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात जातो. या वेगाने जाताना समोरच्या विरळ वायूचाही दाब तिच्या तबकडीवर पडतो. हा दाब वायूच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो : वेग दुप्पट झाला, की दाब चौपट. तबकडीचे गुरुत्वाकर्षण स्वतःचा वायू ज्या जोराने धरून ठेवते, त्यापेक्षा हा दाब वाढला, की वायू निसटतो. तारे मात्र जागच्या जागी राहतात, कारण ताऱ्याच्या वस्तुमानाच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ नगण्य असते. तबकडीच्या कडेला गुरुत्वाची पकड ढिली असल्याने तिथला वायू आधी जातो. कन्या गुच्छातल्या अनेक सर्पिल दीर्घिकांत हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीपेक्षा आखूड झालेली दिसते, ती यामुळेच.

हा प्रकार घडत असताना पकडलेल्या दीर्घिकांना शास्त्रज्ञ ‘जेलीफिश’ म्हणतात, कारण वायूचे लांब झुपके त्यांच्यामागे लोंबत असतात. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहाने, ज्याच्या उभारणीत आयुकाचा सहभाग होता आणि ज्याचे उड्डाण २८ सप्टेंबर २०१५ रोजी झाले, अशा एका दीर्घिकेची अतिनील प्रतिमा घेतली. एबेल ८५ या गुच्छातली जेओ२०१ ही ती दीर्घिका. कोशी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात दीर्घिकेबाहेर उडालेल्या झुपक्यांमध्येही नवे तारे जन्मत असल्याचे दिसले. उखडला गेलेला वायू लगेच वाया जातो, असे नाही. त्यातला काही भाग वाटेतच ताऱ्यांत रूपांतरित होतो.

वायूच्या दाबाखेरीज आणखी तीन यंत्रणा वाचकाने सुरुवातीपासून वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली म्हणजे भरती-ओहोटीसारखे गुरुत्वाचे ताण. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या, की त्यांच्या तबकड्यांतून तारे आणि वायू यांच्या लांब शेपट्या ओढल्या जातात. अलार आणि युरी तुमरे या बंधूंनी १९७२ मध्येच संगणकाच्या साह्याने हे दाखवले. दुसरी यंत्रणा संथ आहे. दीर्घिकेला बाहेरून ताजा वायू मिळत असतो. गुच्छात शिरल्यावर तो पुरवठा बंद पडतो आणि हाताशी असलेला साठा ताऱ्यांत संपून जातो. रिचर्ड लार्सन, बिअ‍ॅट्रिस टिन्स्ली आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली. तिसरी, बेन मूर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुचवलेली : वेगाने होणाऱ्या अनेक भेटींचे लहान लहान हादरे साठत जाऊन लहान दीर्घिकेची घडण बदलते. या यंत्रणांची ठिकाणे वेगळी आहेत. वायूचा दाब मोठ्या गुच्छांत प्रभावी असतो. लहान समूहांत दीर्घिकांचे परस्पर वेग कमी असल्याने त्या एकमेकींजवळ जास्त काळ रेंगाळतात, म्हणून तिथे गुरुत्वाचे ताण आणि विलीनीकरण जास्त काम करतात.

अगदी आपल्या दारातही परिसराचा परिणाम दिसतो. आकाशगंगेपासून सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या लहान उपग्रह-दीर्घिकांत हायड्रोजन वायू जवळजवळ सापडत नाही. त्यापलीकडच्या, तेवढ्याच लहान दीर्घिकांत तो बहुधा सापडतो. याला ठळक अपवाद दोन्ही मॅगेलन मेघांचा आहे, आणि त्यांच्यामागेही निसटलेल्या वायूचा लांब पट्टा आहेच.

या सगळ्या कहाणीचा नायक हायड्रोजन असेल, तर तो पाहायचा कसा? थंड, उदासीन हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओ लहर सोडतो. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेकडून निघालेली ही लहर आपल्यापर्यंत पोचताना ताणली जाते; या ताणण्याचे माप म्हणजे ताम्रसृती. ताम्रसृती १ असलेल्या दीर्घिकेची लहर निम्म्या वारंवारतेवर, ७१० मेगाहर्ट्झवर येते. म्हणून प्राचीन काळातला हायड्रोजन पाहायचा, तर कमी वारंवारतेची, मोठ्या क्षेत्रफळाची दुर्बीण लागते. गोविंद स्वरूप यांनी खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, उभारायला घेतली, तेव्हा तिच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक हेच होते : गुच्छ बनण्याआधीचे हायड्रोजनचे प्रचंड ढग शोधणे. पुढे दीर्घिकांच्या निर्मितीचे चित्रच बदलले. आधी लहान रचना बनतात आणि त्या मिळून मोठ्या होतात, हे स्पष्ट झाले. त्या मूळ कल्पनेतले ढग मिळाले नाहीत, पण त्या शोधासाठी बांधलेली दुर्बीण दीर्घिकांच्या भोवतालाच्या अभ्यासाला पुरेपूर उपयोगी पडली.

या दुर्बिणीची रचना थोडक्यात सांगायला हवी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात आणि १६ तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्यांचे संकेत एकत्र आणून एकाच मोठ्या दुर्बिणीचे काम त्यांच्याकडून करून घेतले जाते. तबकडीच्या पृष्ठासाठी ताणलेली बारीक जाळी वापरल्याने वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. कल्याण आणि उटी इथल्या आधीच्या दुर्बिणींचा अनुभव स्वरूप यांच्या गाठीशी होता. जागा निवडताना पुण्याची जवळीक, डोंगरांचा आडोसा, वाऱ्याचा कमी वेग आणि रेडिओ गोंगाटाचा अभाव या बाबी पाहिल्या गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवते. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरत आहेत, आणि अलीकडच्या सुधारणेनंतर तिची क्षमता खूप वाढली आहे.

तिने या क्षेत्राला दिलेल्या तीन गोष्टी इथे सांगतो. अमितेश ओमर आणि के. एस. द्वारकानाथ यांनी एरिडॅनस या जवळच्या समूहातल्या दीर्घिकांचा हायड्रोजन जीएमआरटीने मोजला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार समूहाच्या दाट भागातल्या दीर्घिकांत अपेक्षेपेक्षा दोन ते तीन पट कमी हायड्रोजन आहे. हा समूह गुच्छाइतका मोठा नाही, त्यामुळे त्यांनी या तुटीचे कारण गुरुत्वाचे ताण मानले. निष्कर्ष महत्त्वाचा अशासाठी, की परिसराची झळ गुच्छात शिरण्याआधी, लहान समूहातच लागायला सुरुवात होते.

दुसरी गोष्ट एबेल ३७० या गुच्छाची. त्याचा प्रकाश निघाला तो सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी. इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा हायड्रोजन संकेत गोंगाटात बुडून जातो. त्यावर उपाय असा : प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती प्रकाशीय दुर्बिणीने आधी मोजायची, मग रेडिओ नोंदींत तिची लहर नेमकी जिथे असायला हवी तो तुकडा उचलायचा आणि असे शेकडो तुकडे एकावर एक ठेवून बेरीज करायची. गोंगाट एकमेकांना खोडतो, संकेत साठत जातो. फिलिप लाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत एनसीआरएचे जयराम चेंगलूर होते, ३२४ दीर्घिकांसाठी जीएमआरटीच्या नोंदींतून ही बेरीज केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडला. त्या काळच्या त्या गुच्छाच्या परिसरात आजच्या तशाच गुच्छांपेक्षा कितीतरी अधिक हायड्रोजन होता. आणि आतल्या भागातल्या दीर्घिकांत तो बाहेरच्यांपेक्षा कमी होता. बुचर आणि ओमलर यांना रंगात दिसलेला बदल इथे वायूच्या हिशेबात दिसला.

तिसरी गोष्ट २०२० ची. एनसीआरएचे आदित्य चौधुरी, निस्सिम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी सुधारित जीएमआरटीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला सरासरी हायड्रोजन मोजला. तारे बनण्याच्या तेव्हाच्या वेगाने तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणजे दीर्घिकेचे आयुष्य तिच्या साठ्यापेक्षाही बाहेरून होणाऱ्या पुरवठ्यावर अवलंबून असते. हा निष्कर्ष कोणत्याही एका गुच्छाविषयी नाही. पण पुरवठा तोडणारा परिसर इतका घातक का ठरतो, हे त्यातून उमगते.

इथे वाचकाला एक सावधगिरीची सूचना. संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. दाट प्रदेशात जड दीर्घिका मुळातच अधिक असतात, आणि जड दीर्घिकांतले तारे घडणे त्यांच्या अंतर्गत कारणांनीही थांबते. मग गुच्छातल्या तांबूस दीर्घिका तिथल्या परिसरामुळे तांबूस झाल्या, की जड असल्यामुळे? यिंगजिए पेंग, सायमन लिली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की वस्तुमानाचा परिणाम आणि परिसराचा परिणाम आकडेवारीत बऱ्याच अंशी एकमेकांपासून सुटे करता येतात. बियाणे आणि जमीन यांचे हिस्से वेगळे काढण्याची ही रीत पुढे पुष्कळ अभ्यासांना दिशा देणारी ठरली.

पुण्यातही हाच वाद भिंगाकृती दीर्घिकांच्या निमित्ताने नीट हाताळला गेला. सुधांशू बर्वे, अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की तेजस्वी आणि मंद भिंगाकृती दीर्घिकांच्या फुगवट्याचा आकार आणि तबकडीचा आकार यांच्यातले नाते परस्परविरुद्ध आहे. त्यावरून त्यांनी सुचवले, की मंद भिंगाकृती दीर्घिका वायू गमावलेल्या सर्पिलांतून झाल्या असाव्यात, तर तेजस्वी दीर्घिका फार पूर्वी झपाट्याने आकुंचन होऊन बनल्या असाव्यात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन दीर्घिकांचे पूर्वचरित्र वेगळे असू शकते, हा धडा या क्षेत्रात वारंवार उपयोगी पडतो.

दुसरी सावधगिरी परिसर मोजण्याची. परिसर म्हणजे जवळच्या शेजाऱ्याचे अंतर, ठरावीक परिघातली संख्या, गुच्छाच्या केंद्रापासूनचे अंतर, की दीर्घिका आपल्या समूहाची मुख्य आहे की उपग्रह आहे हे? प्रत्येक मापाचे उत्तर थोडे वेगळे येते. शिवाय अंतरे ताम्रसृतीवरून काढली जातात, आणि गुच्छातल्या दीर्घिकांचे स्वतःचे वेग त्यात मिसळल्याने नकाशावर गुच्छ आपल्या दिशेने लांबट झालेला दिसतो. निबंध वाचताना लेखकांनी कोणते माप वापरले आहे, हे आधी पाहायची सवय लावावी.

पीक आणि दीर्घिका यांत एक मोठा फरकही लक्षात ठेवायला हवा. बियाणे पेरले त्याच जागी उगवते. दीर्घिका आयुष्यभर परिसर बदलत राहते. पोकळीच्या कडेला जन्मलेली दीर्घिका एखाद्या तंतूत येते, लहान समूहात सामील होते आणि त्या समूहासकट गुच्छात कोसळते. गुच्छाचा गाभा ओलांडून पुन्हा बाहेर फेकल्या गेलेल्या दीर्घिका आज विरळ भागात दिसतात, पण त्यांचा वायू केव्हाच गेलेला असतो. सेकंदाला हजार किलोमीटर या वेगाने सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे कापायला एक अब्ज वर्षे लागतात. इतका संथ हा प्रवास आहे. म्हणून एका दीर्घिकेकडे पाहून तिचा परिसर कळत नाही. तिने आजवर कोणकोणते परिसर पाहिले, हे कळावे लागते. माझ्या मते या क्षेत्राचे मर्म यात आहे : भोवताल हा इतिहास म्हणून वाचायचा असतो, आणि वायू ही त्या इतिहासाची सर्वांत विश्वासू नोंद आहे.

गुच्छ स्वतःही बदलत असतात. दोन गुच्छ आदळतात तेव्हा तप्त वायूत प्रचंड आघातलहरी उठतात आणि त्यांच्या कडांवर रेडिओ लहरींचे अस्पष्ट पट्टे चमकतात. जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एबेल ३३७६ या गुच्छाभोवती अशा कडांची प्रचंड कमानदार रचना दाखवली. २०१० मध्ये रेनाउट व्हान वीरेन यांच्या गटाने जीएमआरटीच्याही निरीक्षणांच्या आधारे सुमारे ६० लाख प्रकाशवर्षे लांबीचा एक पट्टा उजेडात आणला. आणि २०२० मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या गुच्छात कृष्णविवराने तप्त वायूत पाडलेल्या महाप्रचंड पोकळीची खात्री पटली, ती क्ष-किरण उपग्रहांच्या जोडीला जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी मिळाल्यामुळे. परिसर दीर्घिकेला घडवतो, आणि दीर्घिकेच्या पोटातले कृष्णविवर उलट परिसराला तापवते. हे दुहेरी नाते समजून घेणे आज या क्षेत्रापुढचे मोठे काम आहे.

उरलेले प्रश्न पुष्कळ आहेत. वायूचा पुरवठा तंतूंमध्येच कितपत तुटतो? लहान समूहांत किती नुकसान होते आणि गुच्छात किती? पहिल्या तीन-चार अब्ज वर्षांत परिसराचा प्रभाव आजच्यासारखाच होता का? यांची उत्तरे मोठ्या सर्वेक्षणांतून आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए या महादुर्बिणीतून मिळतील. तिच्यात भारत सहभागी आहे आणि त्या सहभागाची धुरा एनसीआरएकडे आहे.

या क्षेत्रात पाऊल टाकायला मोठ्या शहरात जन्म घ्यावा लागत नाही. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या लाखो दीर्घिकांच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर केलेले आकाशाचे सर्वेक्षणही खुले आहे. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड ॲट होम’ या उपक्रमात देशभरचे विद्यार्थी अशा प्रतिमांतून वेगळ्या धाटणीच्या दीर्घिका शोधतात. आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुकाची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण आहे. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली ‘पुलस्त्य’ ही मुलांची विज्ञानशोधिका आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त खोडदची दुर्बीण सर्वांसाठी खुली होते आणि तिथल्या प्रदर्शनात ग्रामीण शाळांची मुले आपले प्रयोग मांडतात. आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळला श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हाताने करत शिकण्याची रीत रुजवली. दीर्घिकांच्या नोंदी हाताळतानाही तीच रीत सर्वांत फलदायी आहे : आधी पन्नास-शंभर दीर्घिकांचे रंग आणि शेजार स्वतः मोजून तक्ता करावा, मग निबंध उघडावेत.

शिक्षकांना एक विनंती. हा विषय वर्गात न्यायचा, तर ड्रेसलर यांच्या गर्दी आणि दीर्घिकांचे प्रकार यांच्या आलेखापासून सुरुवात करावी. बारावीच्या विद्यार्थ्यालाही तो वाचता येतो. वायूच्या दाबाचे सूत्र त्यानंतर सहज पटते, आणि २१ सेंटिमीटरच्या लहरीपाशी आलात, की विद्यार्थ्यांना घेऊन खोडदला जावे. तिथे जाताना मोबाइल बंद ठेवावेत, कारण ती दुर्बीण ज्या संकेतांचा वेध घेते, ते फोनच्या लहरींपुढे अत्यंत क्षीण असतात. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : गणित आणि भौतिकशास्त्र नेटाने शिका, संगणकावर थोडी आज्ञावली लिहायला शिका, आणि उपलब्ध नोंदींतून स्वतःचा एक प्रश्न निवडा. या क्षेत्रातले उद्याचे काही निबंध शिरूर आणि दौंडच्या विद्यार्थ्यांच्या नावाने प्रसिद्ध व्हावेत, यासाठी लागणारी सामग्री आज तुमच्या हाताशी आहे. तिचा उपयोग करा.